काटा मधोमध आहे, पण सेन्सर कुठे आहे?

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची किंवा मॅटाडोरची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करायची म्हटली की पुण्यात सगळी चर्चा आणि सगळा खर्च गाडीच्या मागच्या अर्ध्या भागावर होतो. प्लाय कुठला, सोलर किती वॉटचं, फ्रिज १२ व्होल्टचा की २३० चा. पुढे डॅशबोर्डवर मात्र तोच जुना टेम्परेचरचा काटा. त्यावर आकडे नाहीत, एका टोकाला निळी रेघ आणि दुसऱ्या टोकाला लाल. गिअरबॉक्सच्या नशिबी तेवढंही नाही. अशी गाडी पलंग, ओटा, दोन बॅटऱ्या आणि १०० लिटर पाणी घेऊन मे महिन्यात भर दुपारी पसरणी घाट चढायला लागते, आणि ड्रायव्हर काटा मधोमध आहे म्हणून निश्चिंत असतो.

मीटर कुठला घ्यावा हा प्रश्न सगळे विचारतात. सेन्सर कुठे बसवावा, हा खरा प्रश्न आहे. महागातला डिजिटल मीटर चुकीच्या जागेचं तापमान अगदी अचूक दाखवतो, आणि त्याचा उपयोग शून्य.

जुना काटा कसा चालतो ते आधी पाहू. इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या धातूच्या भागात) किंवा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, घराजवळ एक पितळी सेन्सर असतो, त्याला एकच वायर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, करंट वाढतो, काटा वर सरकतो. दुसरी वायर म्हणजे इंजिनाची बॉडी, म्हणजे अर्थिंग. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी गंजली की काटा खोटं बोलायला लागतो. तपासणी सोपी आहे. गाडी गरम करून उभी ठेवा, हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम चालू करा. काटा जागचा हलला तर तो उष्णतेमुळे हललेला नाही, वायरिंगमुळे हललाय. आधी अर्थ नीट करा, मग पुढचं. नवा सेन्सर बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय अनेक फिटरना असते. एक वायरच्या सेन्सरला ती टेप म्हणजे अर्थच तोडणं. आटे निमुळते असतील तर कोरडेच आवळा, सरळ असतील तर तांब्याचा वॉशर घाला.

याहून मोठा धोका वेगळा आहे. सेन्सरचं टोक इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, बुडालेलं असेल तोवर त्याचं म्हणणं खरं. होज पाइप फुटला, पाणी निघून गेलं, की ते टोक हवेत किंवा वाफेत उघडं पडतं. हवा धातूची उष्णता पाण्यासारखी पोचवत नाही. काटा चक्क खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, चला, गाडी थंड झाली. त्याच वेळी हेड तापत असतं आणि पाच-सात मिनिटांत गॅस्केट (हेडखालचं सील) जातं, कधी हेडच वाकतं. घाटात काटा अचानक खाली आला तर तो वर गेल्याइतकाच घाबरण्यासारखा प्रकार आहे.

म्हणून पहिला जादा सेन्सर पाण्याचा नको, हेडच्या धातूचा हवा. वॉशरसारखा गोल, मध्ये ६ किंवा ८ मिलिमीटरचं भोक असलेला एनटीसी (तापला की रोध कमी होणारा) सेन्सर मिळतो, तो बोल्टखाली बसतो. कुठल्या बोल्टखाली, तर इंजिन उचलण्याचा हुक हेडवर जिथे लावलेला असतो त्या बोल्टखाली. हेडच्या मुख्य बोल्टना हात लावायचा नाही; ते ठराविक क्रमाने, ठराविक ताणाने आवळलेले असतात आणि त्यातला एक सैल केला की गॅस्केटची बैठक बिघडते. इंजेक्टरच्या क्लॅम्पचा बोल्टही नको. हुकाचा बोल्ट काढा, खालची जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा, सेन्सर ठेवा आणि वायर हाताने धरून बोल्ट आवळा. वायर धरली नाही तर बोल्टबरोबर सेन्सर फिरतो आणि वायर मुळाशी तुटते. हा सेन्सर पाणी असो नसो, खरं सांगतो. धातूचा आकडा पाण्यापेक्षा काही अंश वेगळा येईल. आपल्या गाडीत तो फरक किती, एवढं माहीत असलं की झालं.

पाण्याचा वेगळा आकडा हवाच असेल तर वरच्या होज पाइपमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा जोड मिळतो. होजचा आतला व्यास कॅलिपरने मोजून घ्या. ३२, ३६, ४० अशा मापांत येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हा जोड दोन्ही बाजूंनी रबरात असतो, म्हणून त्याला स्वतंत्र अर्थ वायर द्यावी लागते. आणि तो थर्मोस्टॅटच्या पलीकडे आहे, त्यामुळे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थंडच दाखवतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असताना हा मीटर ५० दाखवत बसेल. खालच्या होजमध्ये तर सेन्सर अजिबात नको, तिथे रेडिएटरने थंड केलेलं पाणी असतं.

सेन्सर आणि मीटर जोडीनेच घ्यावेत. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १२० अंशांच्या व्हीडीओ (VDO, हा मीटरचा ब्रँड) पद्धतीच्या सेन्सरचा रोध ९० अंशांना साधारण ५१ ओहम आणि १०० अंशांना साधारण ३८ ओहम असतो. १५० अंशांच्या सेन्सरचं गणित वेगळं. मीटर एकाचा आणि सेन्सर दुसऱ्याचा लावला तर काटा हलतो, छान दिसतो आणि खोटं सांगतो. नाना पेठेत स्पेअर घेताना नुसता ‘टेम्परेचरचा सेन्सर’ मागू नका, आट्याचं माप आणि कमाल तापमान दोन्ही सांगा. डिजिटल मॉड्यूल, बझर, केबल यांच्यासाठी तपकीर गल्ली आहेच. तिथे डीएस१८बी२० नावाचा स्टीलच्या नळीतला सेन्सर स्वस्तात मिळतो. तो १२५ अंशांपर्यंतच चालतो, म्हणून बाहेरची हवा किंवा केबिन मोजायला ठीक, तेलात नको. आणि लाल आकड्यांचा स्वस्त डिस्प्ले दुपारच्या उन्हात दिसत नाही, हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही.

आता गिअरबॉक्स. आपल्याकडच्या जुन्या कॅम्पर बहुतेक मॅन्युअल गिअरच्या. मॅन्युअल गिअरबॉक्सला तापमान कशाला मोजायचं, असं मेकॅनिक हसून विचारतात. सपाट रस्त्यावर, बरोबर तेल असताना, नाही मोजलं तरी चालेल. पण तेल कमी झालं, बेअरिंग घासायला लागलं किंवा चुकीच्या ग्रेडचं तेल भरलं, तर आवाज येण्याच्या कितीतरी आधी तापमान बोलतं. ७० ते ९५ अंश हा नेहमीचा पट्टा. घाटात १०५ पर्यंत गेलं तर लक्ष ठेवा. १२० ला थांबा, आणि खाली उतरून तेलाची गळती बघा. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरलं तरीही गिअरबॉक्स तापतो, कारण गिअर ते तेल ताकासारखं घुसळत राहतात. तेल लेव्हलच्या भोकाच्या कडेपर्यंतच, गाडी सपाटीवर उभी करून. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ प्रकारचं ८०डब्ल्यू-९० (हा तेलाच्या दाटपणाचा ग्रेड) लागतं. दुकानदार ‘हे भारी आहे’ म्हणून जीएल-५ देतो. त्यातली काही गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेली कडी) खातात, आणि तेल जितकं गरम तितकी जास्त खातात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा.

सेन्सर ड्रेन नटमध्ये, म्हणजे तेल काढण्याच्या तळाच्या नटमध्ये, बसवायचा. मूळ नटला भोक पाडू नका, तो तसाच जपून ठेवा. तशाच आट्याचा दुसरा नट घेऊन भोसरीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा. सेन्सर एम१० गुणिले १ आट्याचा (१० मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर अंतराचे आटे) असेल तर ९ मिलिमीटरचं ड्रिल बरोबर मध्यातून, मग टॅपने आटे. नट एम२२ किंवा एम२४ चा असेल तर भिंत पुरेशी जाड उरते. एम१८ पेक्षा बारीक नटाला हा उद्योग करू नका. मूळ नटावर लोहचुंबक असेल तर नव्या नटात तोही हवा, नाहीतर धातूचा कीस तेलात फिरत राहतो. सेन्सरचं टोक आत किती जातं ते मोजा, आतल्या गिअरला लागता कामा नये. बाहेरचा भाग चासीच्या क्रॉसमेंबरच्या खाली लोंबत असेल तर ताम्हिणीच्या पहिल्याच दगडाला तो जाईल आणि सगळं तेल रस्त्यावर.

काही जण सोय म्हणून सेन्सर लेव्हलच्या नटात, बाजूला बसवतात. तिथे पुन्हा तीच फसगत होते. चढावर गाडीचं तोंड वर होतं आणि तेल मागे सरकतं. नट गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला असेल तर ऐन घाटात सेन्सर तेलाबाहेर येतो आणि आकडा खाली जातो. ज्यासाठी मीटर बसवला तेव्हाच तो आंधळा होतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. चांदणी चौकातल्या रांगेत अर्धा क्लच धरून गाडी सरकवली तर क्लच प्लेट जळते, पण गिअर ऑइलचा मीटर शांत असतो. क्लच वेगळ्या घरात, कोरडा असतो. त्याचा मीटर म्हणजे तुमचं नाक.

बाहेरून आणलेली ऑटोमॅटिक गिअरची जुनी मोटरहोम असेल तर गिअरबॉक्सचा मीटर चैन नाही, गरज आहे. इथे उष्णता तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणाऱ्या भागात. इंजिन वेगाने फिरतंय आणि गाडी हळू सरकतेय, या दोन वेगांतला फरक सगळा तेलात उष्णता म्हणून जातो. ऑइल चेंबरमध्ये सेन्सर लावला तर ७५ ते ९५ हा नेहमीचा आकडा, १०५ ला पाय सैल सोडा, १२० ला थांबा. मात्र तोच सेन्सर कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर लावला तर चढावर काही वेळ १३० किंवा त्याहून जास्त दिसू शकतं आणि तरीही गिअरबॉक्स ठणठणीत असतो, कारण ते तेल अजून थंड व्हायला निघालेलं आहे. मित्राचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करण्याआधी दोघांचे सेन्सर कुठे आहेत ते विचारा. साधारण हिशोब असा धरतात की नेहमीच्या तापमानाच्या वर दर ११ अंशांना ऑटोमॅटिक तेलाचं आयुष्य निम्मं होतं. लालसर तेल तपकिरी झालं आणि करपल्याचा वास आला तर ते संपलं. तापलंच, तर गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये १,००० ते १,२०० आरपीएमवर चालू ठेवा: कन्व्हर्टर उष्णता बनवायचं थांबवतो आणि पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. इंजिन बंद केलं तर ते फिरणंही थांबतं. या गाड्यांत तेलाचा कूलर बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की कूलंट आणि तेल मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस दिसतो. तसं दिसलं तर गाडी चालू करूच नका, टो करा.

वायरिंगचं थोडक्यात. पाऊण ते १ चौरस मिलिमीटरची वायर, सायलेन्सरच्या पाइपपासून किमान १० सेंटिमीटर लांब, उष्णता सोसणाऱ्या जाळीदार स्लीव्हमधून. ब्रेकच्या पाइपला बांधू नका. पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट. सप्लाय इग्निशनवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून. बझर हवाच. पसरणीच्या वळणावर समोरून एसटी येत असताना कोणी मीटर बघत नाही.

जोडण्याआधी प्रत्येक सेन्सर पातेल्यात तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी १०० ला नाही, ९८ ला उकळतं. मीटरने ९८ दाखवलं तर तो बरोबर आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ११० अंशांचा काचेचा थर्मामीटर सेन्सरला दोऱ्याने बांधा, दोन्ही पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका, आणि सेन्सर एक वायरचा असेल तर त्याच्या पितळी अंगाला क्लिपने अर्थ जोडा. मग गॅस बंद करून पाणी निवताना ९०, ८०, ७० ला आकडे लिहून घ्या. दोन-तीन अंशांचा फरक सगळीकडे सारखा असेल तर काही बिघडत नाही.

याच हिशोबातून रेडिएटरच्या झाकणाची किंमत कळते. ०.९ बारचं, म्हणजे आत तेवढा जादा दाब धरून ठेवणारं, झाकण ठीक असेल तर पुण्यात साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच झाकणाचं रबर गेलं की ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला तर ९६ च्याही आत. म्हणजे एका फाटक्या रबराने वीस अंशांची गादी काढून घेतली. इंजिनाने आपली मर्यादा ओलांडलेली नसते, तरी पाणी बाहेर फेकलं जातं. हजारोंचं रेडिएटर रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणं) करून घेण्याआधी झाकण बदलून बघा.

मीटर बसवला की लगेच घाटात जाऊ नका. महामार्गावर सपाटीला ६० च्या वेगाने अर्धा तास चालवा आणि तीन आकडे वहीत लिहा: हेड, गिअरबॉक्स, बाहेरची हवा. इंजिनाचा आकडा १५ मिनिटांत स्थिरावतो, गिअर ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मग तीच नोंद खंबाटकीला, आणि वाईतून पाचगणीला चढताना. बाहेरच्या हवेचा आकडा कशासाठी, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की, म्हणजे साधारण ९५ च्या पुढे, रेडिएटर फक्त हवेपेक्षा ठराविक अंश वर राहू शकतो. डिसेंबरच्या सकाळी २३ अंश हवेत पसरणी चढताना ९७ दिसलं असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांत त्याच गिअरला, त्याच वजनाला ११२ च्या आसपास जाणार. यात इंजिनाचा दोष नाही, वजाबाकी आहे. हे गणित जानेवारीतच केलं तर एप्रिलपर्यंत रेडिएटर साफ करायला वेळ मिळतो. आणि तोच ७४ अंशांचा (९७ वजा २३) फरक पुढच्या वर्षी ८२ झाला असेल, तर जाळीत माती आहे, फॅन बेल्ट सैल आहे किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसलाय. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घाला (ॲसिड नव्हे).

कॅम्पर करताना लोक स्वतःच्या हाताने काही चुका करतात. या गाड्यांत इंजिनाचा काही भाग केबिनमधल्या झाकणाखाली असतो. आवाज कमी करायचा म्हणून त्यावर फोम आणि कार्पेट चढवताना खालच्या फटीही बुजवल्या जातात आणि गरम हवेला बाहेर जायला वाट राहत नाही. पुढे जाळीवर चार मोठे एलईडी दिवे लावले जातात, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं कधीतरी मोडलेलं असतं आणि ‘काही होत नाही’ म्हणून टाकून दिलेलं असतं. त्या कड्याशिवाय फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच गोल फिरवतो. पाठवारा असताना चढावर हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

घाटात बझर वाजला तर आधी एक प्रश्न: पाणी आहे की गेलं? वाफ दिसत नाही, गोड वास नाही, पाण्याचा आणि धातूचा आकडा एकत्रच वर जातोय, तर पाणी आहे. एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात सोडा, खालचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर हलका करा. वरच्या गिअरला इंजिन दमवत, कण्हत चढवलं तर पंप आणि फॅन दोन्ही हळू फिरतात. तरीही आकडा थांबला नाही तर बाजूला उभी करून इंजिन थोडं चढं चालू ठेवा. पण धातूचा आकडा वर आणि पाण्याचा खाली असेल, तर पाणी गेलंय. तिथल्या तिथे इंजिन बंद. झाकण ६० च्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही, वरचा होज दाबून मऊ लागला पाहिजे. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं की भेग जाते. थंड होऊ द्या, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओता.

वर पोचून चहाला थांबलात आणि इंजिन बंद करताच आकडा पाच-सात अंश वर गेला, तर तो बिघाड नाही. पंप थांबल्यावर हेडमधली उष्णता तिथेच साठते. दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करा.

सेन्सरच्या जोडण्या जूनच्या आधी एकदा उघडून बघा. ताम्हिणीचा पाऊस आणि रस्त्यावरचं पाणी गिअरबॉक्सच्या कनेक्टरमध्ये शिरतं, पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर येतो आणि आकडा दहा-पंधरा अंशांनी सरकतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, आणि गाडीखाली आहातच तर गिअरबॉक्सच्या डोक्यावरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) चिखलाने बुजलाय का तेही बोट लावून बघा. तो बुजला की तापलेल्या तेलावरचा दाब सील ढकलून बाहेर येतो, आणि मग तेल कमी का होतंय ते कोणालाच कळत नाही.